लोखंडाच्या जागी काचेचा धागा

दिवाळीच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यात हलके धान कापणीला येते. भारी धान अजून शेतात उभे असते, आणि राईस मिलमध्ये हंगामापूर्वीची डागडुजी सुरू झालेली असते. एलिव्हेटरच्या बकेटी झिजलेल्या असतात, धान खाली सोडणाऱ्या चुटेला भोक पडलेले असते, उसना म्हणजे उकड्या तांदळाच्या टाकीला गंज चढलेला असतो. या सगळ्यावर वर्षानुवर्षे एकच इलाज ठरलेला आहे : पत्रा कापा, वेल्डरला बोलवा, ठिगळ मारा. पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

मात्र गेल्या काही दशकांत दुसरा एक इलाज हळूहळू कारखान्यांमध्ये शिरला आहे. काचेचे किंवा कार्बनचे धागे राळेत बसवून तयार होणारे साहित्य बाजारात ‘एफआरपी’ किंवा नुसते ‘फायबर’ म्हणून ओळखले जाते. पंख्याची पाती, टाक्या, पाइप, जाळ्या, पंपाचे इम्पेलर अशा कितीतरी जागी त्याने धातूला हटवले आहे. कुठे हा बदल फार चांगला ठरला, कुठे तो फसला. दोन्हींमागची कारणे समजून घेतली तर गोंदियासारख्या जिल्ह्याला त्याचा खरा उपयोग करून घेता येईल.

लाखेपासून बेकेलाइटपर्यंत

या साहित्याचा इतिहास झाडीपट्टीला, म्हणजे गोंदियासह पूर्व विदर्भाच्या या पट्ट्याला, परका नाही. इथल्या जंगलात पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचा किडा वाढतो. ही लाख म्हणजे नैसर्गिक राळच. विजेची यंत्रे आली तेव्हा तारांच्या वेटोळ्यांना आणि अभ्रकाच्या थरांना वीजरोधक लेप देण्यासाठी तिला जगभर मागणी आली. किड्याकडून मिळणारा माल मर्यादित, म्हणून भाव चढे. बेल्जियममध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड लाखेलाच पर्याय शोधत होता. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्या संयोगातून १९०७ साली त्याच्या हाती बेकेलाइट लागले.

नुसते बेकेलाइट कडक पण ठिसूळ. त्यात कापडाचे किंवा कागदाचे थर दाबून बसवले की ते चिवट होते, हे लवकरच कळले. त्यातून कापडी गिअर आणि बेअरिंग निघाले. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये ‘हायलम’ या नावाने ओळखली जाणारी तपकिरी शीट याच घराण्यातली. पोलादाच्या सळया काढणाऱ्या रोलिंग मिलमध्ये पूर्वी गनमेटलचे बेअरिंग असत. त्यांच्या जागी कापड आणि फिनॉलिक राळेचे बेअरिंग आले, ज्यांना ग्रीसऐवजी पाण्याचे वंगण पुरते. घर्षण कमी झाले आणि वीजही वाचली. म्हणजे धातूला पर्याय केवळ विमानात नव्हे, लोखंड लाटणाऱ्या गिरणीतही मिळाला होता.

१९३०च्या दशकात अमेरिकेत काचेचे बारीक धागे स्वस्तात काढण्याची रीत सापडली, आणि पॉलिएस्टर राळही त्याच काळात आली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवरची आवरणे या जोडीतून बनली, कारण धातू रेडिओलहरी अडवतो आणि काच-राळ अडवत नाही. १९५३मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेट ही मोटारगाडी फायबरग्लासचे अंग घेऊन रस्त्यावर आली. त्यानंतर हे साहित्य नाव, टाकी, पाइप असे करत उद्योगांत पसरले.

धागा आणि राळ

झाडीपट्टीतली मातीची भिंत ज्याने लिंपली आहे, त्याला याचे तत्त्व सांगावे लागत नाही. नुसती माती वाळली की तडकते. तिच्यात तणस मिसळली की ती धरून राहते. इथे तणशीच्या जागी काचेचा धागा आणि मातीच्या जागी राळ. ओढ सोसण्याचे काम धागा करतो. धाग्यांना जागेवर ठेवणे, एकाचा भार दुसऱ्यावर पोचवणे आणि पाणी-रसायनांपासून त्यांना जपणे हे राळेचे काम.

आकडे पाहिले की फायदा आणि अडचण दोन्ही दिसतात. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, अॅल्युमिनियमची २.७, काच-राळेची साधारण १.९. म्हणजे वजन पोलादाच्या पाव. ताकदही, धागा ज्या दिशेने टाकला त्या दिशेने, भरपूर. पण ताठपणा कमी. पोलादाचा लवचिकता गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, तर साच्यातून ओढून काढलेल्या काच-राळेच्या पट्टीचा बहुधा २० ते २५. त्याच मापाची पट्टी त्याच भाराखाली आठ-दहापट वाकेल.

इथेच बहुतेक बदल फसतात. लोखंडी पट्टी काढून त्याच मापाची फायबरची बसवली, ती लचकली, आणि मालकाने ‘प्लास्टिक ते प्लास्टिकच’ म्हणून फेकून दिली. प्रत्यक्षात भरीव पट्टीची उंची दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. म्हणजे दुप्पट उंचीची काच-राळेची पट्टी ताठपणात लोखंडाच्या जवळ पोचते आणि तरीही वजनात त्याच्या निम्म्याहून कमी भरते. साहित्य बदलले की मापही बदलले पाहिजे. या लेखात एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती ही.

गिरणीत कुठे बसते, कुठे नाही

आता हीच कसोटी राईस मिलला लावून पाहू. एलिव्हेटरच्या पट्ट्यावरच्या लोखंडी बकेटी बऱ्याच ठिकाणी जाऊन पॉलिथिन किंवा नायलॉनच्या आल्या आहेत. त्या हलक्या असल्याने पट्ट्यावरचा आणि मोटरवरचा भार कमी होतो, दाण्याला मार कमी बसतो आणि धातूवर धातू आपटून ठिणगी उडत नाही. धान्याची धूळ हवेत दाटलेली असताना ही शेवटची गोष्ट लाखमोलाची आहे. पण प्लास्टिकवर स्थिर वीज साचते, म्हणून पट्टा ती वीज वाहून नेणारा हवा आणि यंत्राचे अर्थिंग चोख हवे. एक धोका घालवताना दुसरा आत येणार नाही, हे पाहावेच लागते.

चुट, हवेतून तूस-धूळ वेगळी काढणारे सायक्लोन आणि तूस वाहणारे पाइप यांची गोष्ट मात्र वेगळी. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असतो आणि त्याच्या राखेत जवळजवळ सगळी सिलिका. हे तूस वेगाने घासत गेले की पोलादालाही खाते. काच-राळेचा वरचा राळेचा थर तर लवकरच निघून जातो, धागे उघडे पडतात आणि भिंत भुसभुशीत होते. तिथे धातूच ठेवावा, फार तर रबराचे किंवा सिरॅमिकचे अस्तर द्यावे.

उसना तांदळाच्या प्लांटमध्ये लढाई गंजाशी असते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने रूढ केलेल्या पद्धतीत धान सुमारे ७० अंशांच्या गरम पाण्यात तीन-साडेतीन तास भिजते. हे पाणी आंबट होत जाते आणि साध्या पोलादाला पोखरते. पण ७० अंशाला साधी पॉलिएस्टर राळही नरमाईच्या सीमेजवळ जाते. इथे व्हिनिल एस्टरसारखी राळ, तीही अन्नाच्या संपर्कासाठी योग्य आणि पुरती पक्की केलेली हवी. तशी खात्री नसेल तर भिजवणीच्या टाकीला स्टेनलेस स्टीलच बरे. याच प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याच्या टाक्यांवर चालण्याच्या जाळ्या, कठडे, शिड्या यांना मात्र फायबर शोभते. तिथे उष्णता नाही, गंज आहे, आणि दर दोन वर्षांनी रंग देण्याचा खर्च आहे.

तिरोडा आणि त्यापलीकडे

जिल्ह्यातले सर्वांत मोठे यंत्रघर तिरोड्याला आहे. अदानी समूहाचा तिथला औष्णिक वीजप्रकल्प ६६० मेगावॅटच्या पाच संचांचा, एकूण ३,३०० मेगावॅटचा. त्याचे संच २०१२ ते २०१४ या काळात सुरू झाले. अशा कुठल्याही वीजकेंद्रात धागा आणि राळेला ठरलेली कामे असतात. पाणी शुद्ध करणाऱ्या विभागात हायड्रोक्लोरिक आम्ल साठवायच्या टाक्या एफआरपीच्या किंवा आतून रबर लावलेल्या पोलादाच्या असतात. आम्लाच्या वाफेत उभ्या राहणाऱ्या जाळ्या, केबलचे ट्रे हेही फायबरचे असतात. धुरातला गंधक वायू धुऊन काढणाऱ्या यंत्रणेत चुनखडीचा ओला गाळ फवारणारे पाइप अनेकदा याच साहित्याचे असतात, कारण तिथे आम्लता आणि क्लोराइड मिळून चांगल्या स्टीललाही भोके पाडतात.

पाणी थंड करणाऱ्या पंख्यांच्या मनोऱ्यातले उदाहरण सर्वांत बोलके. पूर्वी पाती ओतीव अॅल्युमिनियमची असत. त्यांच्या जागी काच-राळेची पोकळ पाती बसवल्यावर पंख्याची वीज साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाचू शकते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची मार्गदर्शिका सांगते. ही बचत नुसत्या हलकेपणाची नाही. साच्यात राळ घालताना पात्याला विमानाच्या पंखासारखा पीळदार, बुडाशी रुंद आणि टोकाशी निमुळता आकार देता येतो. धातूच्या ओतकामात तो महाग पडे. हलकेपणाने गिअरबॉक्स आणि बेअरिंगचे आयुष्य वाढते, तर वीज वाचते ती प्रामुख्याने आकारामुळे.

शेतकऱ्याच्या विहिरीतही हा बदल पोचला आहे. सबमर्सिबल पंपात कांस्याच्या इम्पेलरऐवजी ‘नोरिल’ या प्लास्टिकचे इम्पेलर दुकानदार दाखवतो, त्यात बहुधा काचेचे तंतू मिसळलेले असतात. स्वच्छ पाण्यात ते उत्तम चालतात. बोअरला वाळू येत असेल तर लवकर झिजतात. महावितरणच्या रोहित्राखालच्या वितरणपेट्याही लोखंडी पत्र्याऐवजी काच-राळेच्या दाबीव शीटच्या येऊ लागल्या आहेत. त्या गंजत नाहीत, पेटीच्या अंगातून धक्का बसत नाही आणि भंगारात भाव नसल्याने चोरीलाही जात नाहीत.

आणि गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर नागपूर. तिथल्या मिहान औद्योगिक क्षेत्रात टाटा समूहाच्या टाल कंपनीने बोइंग ७८७-९ विमानाच्या आतल्या फरशीखालच्या कार्बन-धाग्याच्या तुळया बनवल्या. या विमानाच्या वजनातला जवळपास निम्मा भाग धागा-राळेचा आहे.   म्हणजे उच्च दर्जाचे हे काम करणारे हात विदर्भातच आहेत. पण ते विमानाच्या कारखान्यात आहेत, गिरणीच्या दारात नाहीत.

दुरुस्ती करणारा हात

खरी उणीव इथे आहे. पत्र्याला भोक पडले तर गोंदियात कुठल्याही चौकात वेल्डर मिळतो. फायबरची टाकी गळली तर काय? दुरुस्ती अवघड नाही, पण ती शिस्तीने करावी लागते. गळतीभोवतीचा भाग वीतभर घासून खरबरीत करायचा, धूळ पुसायची, अॅसिटोनने स्वच्छ करायचा. राळेत मोजून हार्डनर घालायचा. काचेची चटई जागेवर ठेवून ब्रशने राळ मुरवायची आणि दातेरी रोलर फिरवत आतला प्रत्येक बुडबुडा बाहेर काढायचा. अडकलेला बुडबुडा म्हणजे उद्याची गळती. हार्डनरचे प्रमाणही ऋतूप्रमाणे बदलते. मे महिन्यातल्या ४५ अंशांत राळ भांड्यातच आवळते, पावसाळ्यातल्या ओल्या पृष्ठभागावर ती धरतच नाही. भोक पाडले की धागे कापले जातात, म्हणून कापलेली प्रत्येक कड राळेने बंद करावी लागते, नाहीतर पाणी धाग्याच्या वाटेने आत शिरते.

या कामात माणसाला इजाही होते. राळेतल्या स्टायरिन या द्रवाची वाफ डोळ्यांना झोंबते, घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजते आणि श्वासात जाते. मास्क, हातमोजे, वाहती हवा यांशिवाय हे काम कुणाकडूनही करून घेणे अन्याय आहे. स्वस्त फायबर म्हणून जे विकले जाते, त्यातला स्वस्तपणा पुष्कळदा या माणसाच्या फुप्फुसातून वसूल झालेला असतो.

शेवटी त्याचे काय करायचे?

झिजलेले लोखंड भंगारवाला वजनावर घेऊन जातो आणि ते पुन्हा वितळते. काच घातलेले नायलॉन दळून हलक्या कामासाठी पुन्हा वापरता येते. पण एकदा पक्की झालेली पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी राळ पुन्हा वितळत नाही. उघड्यावर जाळली तर काळा विषारी धूर. जर्मनीत अशा कचऱ्याचे तुकडे सिमेंटच्या भट्टीत घालतात. राळ इंधन होते आणि काच सिमेंटमध्ये मिसळते. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, म्हणजे वाट जवळच आहे. मात्र फायबर गोळा करून तिथवर नेण्याची साखळी उभी केल्याशिवाय हा मार्ग कागदावरच राहील.

म्हणून मिलमालकाने ऑर्डर देण्यापूर्वी पुरवठादाराला चार प्रश्न विचारावेत. इथे सर्वांत जास्त उष्णता किती असेल आणि ही राळ ती सोसते का? घासणारा माल वाहणार आहे की गंजवणारा द्रव? हे माप धातूचे उचलले आहे की या साहित्यासाठी नव्याने काढले आहे? आणि फुटले तर दुरुस्त कोण करणार, आयुष्य संपले की परत कोण नेणार? उत्तरे मिळाली नाहीत तर लोखंड ठेवावे, त्यात काही कमीपणा नाही.

जिल्ह्यानेही आपल्या बाजूने एक गोष्ट करण्यासारखी आहे. गोंदियात १९८३पासून मनोहरभाई पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तालुक्यांत आयटीआय आहेत. वेल्डरच्या शिक्षणाला जोडून राळ-धाग्याच्या कामाचे काही महिन्यांचे प्रशिक्षण, मास्क आणि हवेच्या शिस्तीसह, सुरू करायला फार मोठे भांडवल लागत नाही. गिरण्यांचा हंगाम दरवर्षी येतो, डागडुजी दरवर्षी निघते. कामाला तोटा नाही. नवे साहित्य कारखान्यात येतच राहणार. त्याचे माप काढणारा, ते बसवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस इथलाच असला, तर त्यातून वाचणारा पैसाही इथेच राहील.