घरातली सायकल, अजिंठ्याची वाट



आपल्या जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक वस्तीतून दरवर्षी कोणी ना कोणी दीक्षाभूमीला जाते, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाते. रेल्वेत उभे राहून, ट्रकमध्ये बसून, मिळेल तसे जाते. पण बुलडाण्याहून साधारण ६० किलोमीटरवर असलेली अजिंठ्याची लेणी किती जणांनी पाहिली, असे विहारात विचारले तर फार थोडे हात वर होतात. शाळेच्या सहलीला पैसे भरता आले नाहीत आणि पुढे राहूनच गेले, हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे.

त्याच घरांमध्ये एक सायकल असते. मुलीला आठवीत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली किंवा वडिलांची जुनी, सळईच्या ब्रेकची. बारावी झाली, मोटारसायकल आली, की ती छपरीत उभी राहते. टायर बसतात, चेन गंजते. आणि त्याच छपरीखाली चाळिशीतल्या माणसाची साखर वाढलेली असते, बीपीची गोळी सुरू झालेली असते. या महिन्यात आपण हे दोन्ही एकत्र सोडवण्याचा विचार करू. ती सायकल दुरुस्त करायची, दीड महिना सराव करायचा आणि थंडीत अजिंठ्याला जायचे.

प्रवास आणि पाणी

आपल्या समाजाच्या प्रवासाची गोष्ट पाण्यापासून सुरू होते. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले, तर जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही स्वतः हाकायच्या अटीवर. सोबत जेवण होते, पण रात्रभर कुठे पाणी मिळाले नाही. पुढे १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी टाक्यावर सर्वांनी हात-तोंड धुतले, तेवढ्यावरून टाके बाटवल्याचा ओरडा झाला. किल्ला पाहायला मिळाला, पण पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत शिपाई देऊन. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत.

आज आपण कोणत्याही हॉटेलात हक्काने पाणी मागू शकतो, आणि मागावेच. तरीही आपले पाणी, आपले अंथरूण आणि आपली हत्यारे सोबत घेऊन, स्वतःच्या पायांच्या बळावर लेणी पाहायला जाण्यात वेगळे समाधान आहे. वाटेत कोणाच्या मर्जीवर थांबावे लागत नाही.

आधी शरीर

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. सायकल चालवताना शरीराचे बरेच वजन सीटवर असते, त्यामुळे पळण्यापेक्षा गुडघ्यांवर ताण कमी येतो. साखर आणि रक्तदाब दोन्ही आटोक्यात यायला मदत होते. बाबासाहेबांना शेवटची काही वर्षे मधुमेहाने छळले, ते ६५व्या वर्षी गेले. आपल्या घरात या आजाराकडे दुर्लक्ष नको.

सराव हळूहळू वाढवावा. पहिले दोन आठवडे रोज ५ ते ८ किलोमीटर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रोज १० किलोमीटर आणि रविवारी २५. पाचव्या आठवड्यात रविवारी ४०, तेही कॅरियरवर सामान बांधून. सहाव्या आठवड्यात थोडी विश्रांती आणि मग प्रवास.

तीन गोष्टींची खास काळजी घ्यावी.

पहिली, मधुमेह. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर लांब सायकल चालवताना साखर एकदम उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, डोके हलके होणे, चिडचिड होणे ही त्याची लक्षणे. लगेच थांबून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्यावे, पंधरा मिनिटे बसावे, बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावे. बरे वाटल्यावर काहीतरी खावे आणि मगच निघावे. साखरेची पुडी बॅगेत नको, खिशात हवी. निघण्यापूर्वी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. रोज संध्याकाळी तळपाय पाहावेत, फोड आला असेल तर मधुमेहात तो अंगावर काढू नये.

दुसरी, सिकलसेल. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात हा आजार आढळतो. तपासणी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करून घ्यावी. 'एएस' म्हणजे वाहक असलेल्यांनी व्यायाम जरूर करावा, पण पाणी भरपूर प्यावे, उन्हात धाप लागेपर्यंत जोर लावू नये. 'एसएस' म्हणजे रुग्ण असलेल्यांना पाणी कमी पडणे, थंडी आणि अतिश्रम या तिन्ही गोष्टींनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय असा प्रवास करू नये.

तिसरी, छातीत दुखणे, जिना चढताना दम लागणे, चक्कर येणे. असा त्रास असेल तर आधी तपासणी, मग सायकल.

मग सायकल

गिअरची महागडी सायकल लागत नाही. साध्या सायकलने ताशी १२ किलोमीटर धरले तरी सकाळी निघून दुपारपर्यंत अजिंठा गाव गाठता येते. पण ती नीट असली पाहिजे.

*सीट.* बहुतेकांची सीट फार खाली असते आणि गुडघे त्यामुळेच दुखतात. भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली गेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो.

*चेन.* घासलेटच्या फडक्याने पुसून कोरडी करावी, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब द्यावा आणि वरचे तेल पुन्हा पुसून टाकावे. वर राहिलेले तेल धूळ धरते आणि तीच धूळ चेन खाते. चेन झिजली का हे घरच्या पट्टीने कळते. एका पिनेच्या मध्यापासून मोजा, २४ कड्या बरोबर १२ इंचांत बसल्या पाहिजेत. एक अष्टमांश इंच जास्त भरले तर चेन बदलावी, आणि फ्रीव्हीलचे दातेही पाहून घ्यावेत. चेनला मध्यभागी वर-खाली साधारण अर्धा इंच ढील असावा.

*चाके.* सायकल उलटी करून चाक फिरवा. ब्रेकपाशी रिम डावी-उजवीकडे झोके घेत असेल तर चाकाला आऊट आहे. स्पोक एकेक बोटाने छेडून पाहा. ताणलेला स्पोक टणकन वाजतो, ढिला बदबद वाजतो. तथागतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेची उपमा दिली होती. तार फार ताणली तरी बिघडते, फार ढिली ठेवली तरी बिघडते. स्पोकला आणि चेनला हेच लागू आहे, आणि पहिल्याच दिवशी जोर लावणाऱ्या उत्साही तरुणालाही. आऊट काढणे मात्र मेकॅनिककडेच द्यावे.

*ब्रेक.* रबर झिजून पत्रा रिमला लागत असेल तर चारही रबरे बदलावीत, खर्च फार नाही. अजिंठा गावापासून फर्दापूरकडे घाट उतरायचा आहे, हे लक्षात ठेवून ब्रेक तपासावेत.

*बाकीचे.* पेडल-क्रँक हलत असेल तर कॉटर पिन ठोकून नट आवळावा. पुढचे चाक वर उचलून हलवावे, खडखड वाजले तर छर्रे-कोन पाहून घ्यावेत. ज्या सायकली वर्ष-दोन वर्षे उभ्या आहेत त्यांचे सरळ ओव्हरहॉलिंग करून घ्यावे, तडा गेलेले टायर बदलावेत. मागे लाल रिफ्लेक्टर आणि घंटी हवीच.

पंक्चर प्रत्येकाला काढता आले पाहिजे, मुलींनासुद्धा. आपल्याकडे बाभळीचा काटा ठरलेला आहे. ट्यूब काढली की पंप मारून पाण्यात धरावी, बुडबुडा येतो तिथे खूण करावी. जागा कोरडी करून घासपट्टीने घासावी, सोल्युशन लावावे आणि तीन-चार मिनिटे थांबावे. ओले असताना ठिगळ चिकटत नाही, घाई इथेच नडते. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून हलकेच बोटे फिरवून काटा काढावा, नाहीतर शंभर पावलांवर पुन्हा पंक्चर.

सामान किती?

चारिका करणाऱ्या भिक्खूला आठ वस्तू सांगितल्या आहेत: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे कापड. त्यात दुरुस्तीसाठी सुई आहे आणि आरोग्यासाठी गाळणे आहे. आपली यादीही याच हिशोबाने करावी. कॅरियरवर ८ ते १० किलोपेक्षा जास्त नको.

हत्यारे: पंप, पंक्चरचे साहित्य, एक जादा ट्यूब, व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, पाना, पेचकस, तेलाची छोटी बाटली, बांधायला जुनी ट्यूब. चार-पाच जणांत एकच संच पुरतो, पण सायकलींच्या चाकांचे माप वेगवेगळे असेल तर ट्यूब ज्याची त्याने घ्यावी.

झोपायला: खाली प्लॅस्टिकची ताडपत्री, त्यावर सतरंजी, अंगावर जाड चादर किंवा घोंगडी, कानटोपी आणि मच्छरदाणी. बुलडाणा-अजिंठ्याच्या डोंगरपट्ट्यात हिवाळी रात्र चांगलीच गार असते आणि गारठा जमिनीकडून लागतो, म्हणून अंगावर दोन चादरी घेण्यापेक्षा एक खाली टाकावी. तंबू विकत घ्यायची गरज नाही. वाटेवरच्या गावातल्या विहारात किंवा समाज मंदिरात चार दिवस आधी फोन करून ठेवला तर ओसरी मिळते. तंबू असेलच तर झाडाखाली, नाल्यात किंवा जंगलात लावू नये, गावाजवळ विचारून लावावा. सकाळी बूट झटकूनच घालावेत. साप चावला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव न हलवता १०८ ला फोन करावा आणि दवाखाना गाठावा.

पाणी: दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागते. प्रत्येकाकडे दोन लिटर असावे, दिसेल तिथे भरून घ्यावे. खूप घाम गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट घ्यावे. खायला पोळी, ठेचा, फुटाणे, शेंगदाणे, केळी. पोटभर जेवण रात्री.

तीन दिवसांची वाट

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून शनिवारी निघावे. उजाडताच बुलडाणा सोडून देऊळघाट, धाड, शिवना करत अजिंठा गाव, हे अंतर साधारण ५० किलोमीटर. दर तासाला दहा मिनिटे थांबावे. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे आणि पंप असलेल्याला शेवटी, म्हणजे कोणी एकटे मागे राहत नाही. एका ओळीत चालवावे, अंधार पडल्यावर चालवू नये.

अजिंठा गावानंतरच्या घाटात ट्रक-बसची वर्दळ असते. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत उतरावे, वेग वाढल्यावर एकदम दाबू नये. मुक्काम फर्दापूरला करता येतो, तिथे एमटीडीसीचे पर्यटक निवासही आहे. रविवारी सकाळी फाट्यावर सायकली लावून बसने लेण्यांपर्यंत जावे, खासगी वाहने तिथून पुढे सोडत नाहीत. लेण्यांत पायऱ्या आणि चढ-उतार बरेच आहेत, आदल्या दिवशीच्या पायांना सवडीने घ्या. परिसरात आग्या मोहोळे असतात, धूर, दगडफेक आणि आरडाओरडा टाळा.

नववे आणि दहावे लेणे दोन हजार वर्षांहून जुने आहे. तिथे स्तूपापुढे बसून त्रिसरण-पंचशील मनातल्या मनात म्हणावे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आणि सव्विसाव्यातले महापरिनिर्वाण चुकवू नका. भिक्खू पावसाळ्यात इथे वर्षावासाला थांबत आणि पाऊस सरला की पायी चारिकेला निघत.

सोमवारी परतताना घाट चढायचा आहे. तिथे उतरून सायकल ढकलण्यात कसलाही कमीपणा नाही, गुडघे वाचतात.

घरी आल्यावर सायकल पुन्हा छपरीत जाऊ देऊ नका. चेन पुसा, तेल द्या, आणि दुसऱ्या दिवशी दळण आणायला, विहारात जायला तीच काढा. महिन्याभराने साखर तपासून पाहा. आणि पुढच्या वेळी विहारात कोणी विचारले की अजिंठा पाहिला का, तर हात वर करा आणि सोबत कोण येते ते विचारा.

जय भीम.