रात्री दहानंतरचं गाणं

सकाळी दहा

जागरणवाल्याच्या घरात सकाळ उशिराच होते. रात्री उमरग्याकडची सुपारी होती, घरी येईतो उजाडलं. आज जळकोटला जायचंय. पौष चालू आहे, खंडोबा आमच्या नळदुर्गात आहे, म्हणजे झोपेचा हिशेब माघात करायचा. देव वर्षातले दहा-एक महिने अणदूरला असतो आणि उरलेले दोनेक महिने आमच्याकडं, मैलारपूरला. दोन गावं, दोन देवळं, मूर्ती एकच. न्यायच्या-आणायच्या वेळी दोन्हीकडचे मानकरी बसतात, लेखी करार करतात, मग देव हलतो. कागद करून मुक्काम बदलणारा देव मला तरी दुसरा ठाऊक नाही. पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या आगेमागे तर एकाच रात्रीसाठी तीन ठिकाणांहून फोन येतात आणि दोघांना नाही म्हणताना जीव जातो.

वडील वाघ्या होते. पदं जुळवायची, चाल लावायची, माणसं गोळा करायची, गाडी ठरवायची, बिदागीवरून घासाघीस करायची, हे सगळं तेच करत आणि त्याला ‘देवाची चाकरी’ एवढंच म्हणत. मीही तेच करतो. फक्त सोलापूरचा स्टुडिओवाला पोरगा यूट्यूबवर गाणं चढवताना माझ्या नावापुढं गीतकार, संगीतकार, निर्माता असं तीनदा लिहितो.

चहा होईपर्यंत दोन फोन. दोघांनाही ‘सिरीयलमधल्यासारखं’ पाहिजे. ‘जय मल्हार’ मालिका २०१४ला सुरू झाली आणि २०१७ला संपली, पण लोकांच्या डोळ्यांपुढची बाणाई अजून तीच आहे. मी नावं ठेवत नाही. त्या मालिकेनं शहरातल्या पोरांना जागरण म्हणजे काय हे कळलं आणि आम्हाला सुपाऱ्या मिळाल्या. पण तिथल्या बाणाईला मेंढरांचा वास येत नाही.

साडेअकरा

लिहिण्याची वेळ ही एवढीच. आधी चाल, मग शब्द. दिमडीवर ठेका धरायचा, नुसतं ‘ला ला’ म्हणत चाल पक्की करायची आणि मग तिच्यात अक्षरं बसवायची. सध्याचं पद बाणाईच्या मेंढरांचं आहे. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव वेष पालटून बाणाईच्या घरी चाकरीला राहतो, मेंढरं धुवायला नदीवर नेतो, आपटून मारतो आणि लग्नाचं वचन घेऊन पुन्हा जिवंत करतो. गोष्ट सगळ्यांना पाठ. मी नदी तेवढी बोरी केली. बोरी म्हटली की नळदुर्गच्या माणसाला किल्ल्यातला पाणी महाल आठवतो; १६१३ सालचं बांधकाम, पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळायला लागले की बघायला गर्दी उसळते. तो एका कडव्यात आणला होता. आत्यानं हाणून पाडला.

“देवाच्या लग्नात किल्ला कशाला रं? मेंढरं किल्ल्यात धुतली व्हय?”

आत्या माझी परीक्षक. लहानपणी आजोबांनी नवसापायी तिला देवाला सोडलं, मुरळी केलं. आता त्याला कायद्यानं बंदी आहे. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५चा. आत्याचं अर्धं आयुष्य त्याआधीच होऊन गेलं. कुणी मुलाखतीला येऊन ‘परंपरा, परंपरा’ करायला लागलं की ती पदर झटकून आत जाते. माझ्या पार्टीतल्या दोघी मुरळ्या रोजावर येतात, दोघींना घरं-लेकरं आहेत, एकीचा नवराच आमची गाडी चालवतो. आत्यानं घातलेली अट आहे ती: कामाला बाई येईल, देवाला सोडलेली पोर येणार नाही.

पद तिला म्हणून दाखवलं. ती पाठीमागून झील धरत होती आणि दुसऱ्या कडव्यात थांबली.

“झीलकऱ्यानं दम कुठं घ्यायचा?”

ओळ लांब आहे खरी. पण तिची एक आखूड आवृत्तीही मी करून ठेवलीय. दोन्हींतली कुठली ठेवायची ते रात्री ठरेल.

दुपारी दीड

हैदराबादच्या हायवेनं सोलापूर. तास लागतो, उड्डाणपुलाखाली अडकलो की सव्वा. ढोलकीवाला आणि कीबोर्डवाला तिथलेच, त्यांना गाडीत घ्यायचं आणि त्याआधी स्टुडिओत डबिंग उरकायचं. रात्री गायचं असतं त्या दिवशी मी गळा वापरत नाही, फक्त दिमडी आणि टाळ्या भरतो.

स्टुडिओत कानात क्लिक वाजते, घड्याळासारखी एकसारखी. जागरणात लय एकसारखी राहतच नाही. गणाला ती रमतगमत असते, बाणाई-म्हाळसेच्या भांडणापाशी दुप्पट झालेली असते आणि मधे कुठं वाढली हे वाजवणाऱ्यालाही सांगता येत नाही. पोरगा म्हणतो, “दादा, क्लिकवर या, नाहीतर कट जुळत नाहीत.” येतो बापडा. पाच तासांच्या आख्यानातलं चार मिनिटांचं गाणं करायचं तर काहीतरी सोडावं लागतंच. छगन चौगुल्यांनी कॅसेटच्या जमान्यात ते करून दाखवलं. जागरण-गोंधळ त्यांनी घराघरात, एसटी स्टँडावर, टेम्पोत पोचवला आणि तरी गाणं ऐकताना अंगणात बसल्यासारखं वाटायचं. मे २०२०मध्ये कोरोनानं ते गेले, तेव्हा टाळेबंदीत आमच्यापैकी एकाच्याही हातात सुपारी नव्हती.

लांब ओळ मुरळीनं दोन तुकड्यांत गाऊन दिलीय. यंत्रानं ते असं जोडलंय की दम घेतलेला कळत नाही. ऐकायला फार गोड. पोराला हीच ठेवायचीय.

साडेचार

परतीच्या वाटेवर गाडीत कीबोर्डवाला मित्र असतो. तो ख्रिस्ती, रविवारी सकाळी चर्चमध्ये गायनमंडळी तोच चालवतो. शनिवारी रात्री आमच्यात, रविवारी सकाळी तिकडं. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मीच चाचरत विचारलं होतं, चालेल का? तो म्हणाला, “आमच्या उपासना संगीताच्या पुस्तकात अभंगाच्या चालीची गाणी किती आहेत बघ, मग विचार.” नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले आणि देव बदलला तरी ओवी-अभंग त्यांनी सोडले नाहीत. त्यांची भजनं अजून चर्चमध्ये पेटी-तबल्यावर होतात.

शिकागोचा थॉमस डॉर्सी त्यानंच मला सांगितला. हा आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं ब्लूज वाजवायचा, जत्रेतल्या तमाशासारख्या खेळांत पियानोला असायचा. मग तोच रंग घेऊन देवाची गाणी लिहायला लागला. चर्चवाल्यांनी नाकं मुरडली. पठ्ठ्यानं गाण्यांचे कागद छापून स्वतः विकले आणि १९३२पासून पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्चची गायनमंडळी सांभाळली, ती कित्येक दशकं. लिहिणारा तोच, विकणारा तोच, माणसं जमवणारा तोच. मित्र म्हणतो, तो गॉस्पेलचा बाप. मी म्हणतो, तो पार्टीवाला.

मैलारपूरला उतरून दर्शन, कपाळाला भंडारा, आणि पुढं.

सहा

जळकोट. नव्या जोडप्याचं जागरण. लग्न मार्गशीर्षात झालं, देवाचं राहिलं होतं. अंगणात पाच उसांचा मांडव बांधलेला, आत चौक भरायचा. पाटावर नवं कापड, त्यावर धान्याची रास, कलश, विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा, देवाचे टाक. हे काम मी कुणाला देत नाही. पान कुठल्या बाजूला देठ करून ठेवलंय यावर घरातल्या म्हाताऱ्यांची नजर असते, आणि तिथं चूक झाली की रात्रभर कितीही गा, पार्टी कच्ची ठरते.

साडेआठ

जेवणं. पुरणपोळी आम्ही अर्धीच खातो, पोट भरलं की आवाज वर जात नाही.

नऊला उभे राहिलो. आधी गण, मग आवाहन. देवांना नावानिशी, गावानिशी बोलवायचं: नळदुर्गचा आणि अणदूरचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, येरमाळ्याची येडाई, पंढरीचा विठोबा, जेजुरी, पाली, थेट कर्नाटकातला मैलार. शेवटी गावचा मारुती आणि घरचे देव. यजमानाच्या घरच्या एखाद्या देवाचं नाव राहिलं तर म्हातारी बसल्या जागेवरून ओरडते. आज ओरडली नाही, कारण तिला मी संध्याकाळीच विचारून ठेवलं होतं.

दहा

साउंड बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा नाही. जागरण म्हणजे रात्रभर जागायचं आणि कायदा म्हणतो दहाला गप्प बसा. धंद्यातले सगळे यावर चिडतात, मंडपवाल्यापासून यजमानापर्यंत. मी चिडल्याचं दाखवतो.

कारण खरं काम इथून सुरू होतं. माइक असताना लोक मांडवाच्या कडेला, मोटारसायकलींवर रेलून, मोबाइल बघत ऐकतात. आवाज बंद झाला की ऐकू यावं म्हणून उठून चौकाजवळ येऊन बसतात. कीबोर्ड मुका होतो, मित्र पिशवीतून पेटी काढतो. मुरळीच्या हातातली घाटी, दिमडी, तुणतुणं आणि गळे, बस्स. आता पदाचा कस लागतो. ओळीचा शेवट आकार-एकारावर सुटला तर आवाज अंगण ओलांडतो. व्यंजनावर आपटला तर तो चौकातच पडतो. अर्धी ओळ मी टाकायची, अर्धी झीलकऱ्यांनी उचलायची. उचलायला सोपी नसेल तर ती पुढच्या रात्री आपोआप गळून जाते. जुनी पदं इतकी घोटीव का, तर शेकडो अंगणांनी त्यांच्यातला फापटपसारा काढून टाकलाय. हे कुठल्या स्टुडिओत होत नाही.

माझा म्हणून एक शिरस्ता आहे. दहानंतर गाऊन बघितल्याशिवाय गाणं बाहेर सोडायचं नाही.

अडीच

पौषातलं दव. दिमडीचं कातडं सैल पडलं, थाप मारली की ‘थप्प’ असा ओला आवाज. शेकोटीवर धरायची, जवळ नाही, वीतभर वर, फिरवत राहायची. अंगठ्यानं दाबून बघायचं, बोटाखाली टणक लागली की पुरे. जास्त तापली तर पहाटे फाटते.

बाणाईचं आख्यान रंगात आलं आणि नवं पद काढलं. लांब ओळीला झील अडखळली, पुढच्या फेरीला आखूड घेतली, ती चालली. इथवर आत्याचं बरोबर. पण त्यानंतर भलतंच झालं. कोपऱ्यात वाकळ पांघरून बसलेल्या बायकांनी माझा मुखडा सोडून दिला आणि दुसऱ्या अंतऱ्यातलं शेवटचं अर्धं वाक्य, बाणाई मेंढरांना नावानं हाका मारते ते, आपणहून धरलं. मी पुढं गेलो, त्या मागंच. दोनदा पुढं नेऊन पाहिलं, दोनदा त्यांनी ओढून आणलं. मग मीही तिथंच थांबलो आणि चांगला पाव तास ते अर्धं वाक्यच चाललं. नवरीमुलगी झोपेतून उठून टाळ्या देत होती.

साडेपाच

लंगर. लोखंडी साखळी एका हिसक्यात तोडायची. वडील तोडायचे, आता पुतण्या तोडतो, माझं खांद्याचं दुखणं जुनं आहे. आरती, मग पाचजणांनी तळी उचलली, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’, भंडाऱ्यानं सगळे पिवळे. मित्र तोंड धुऊन, शर्ट बदलून पहिल्या एसटीला पळाला. नऊला त्याची उपासना. कानामागं भंडारा राहिलाय हे त्याला सांगायचं राहिलं.

आठ

यजमानानं उरलेली बिदागी दिली, मुरळ्यांना लुगडं-चोळी. गाडीत बसल्या बसल्या स्टुडिओवाल्या पोराला फोन लावला.

“ती दुसऱ्या अंतऱ्याची शेपटी आहे ना, ती मुखड्याला घे. गाणं तिथूनच सुरू कर.”

“दादा, मिक्स झालंय. पोस्टर पण जुन्या मुखड्याच्या नावानं झालंय.”

“पोस्टर बदल.”

“त्याचे वेगळे पडतील.”

“किती?”

त्यानं आकडा सांगितला. मी अर्ध्यावर आणला. मागच्या सीटवरून ढोलकीवाला झोपेतच म्हणाला, “क्लिक जरा वाढव म्हणावं.”