पेटारा विकण्याआधी, रंगवण्याआधी

दसरा-दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरचा पेटारा, फडताळ, देव्हारा, पाट असं सगळं ओटीवर येतं. नेमका तेव्हाच गावात भंगारवालाही फिरतो. किडकं लाकूड, जागा अडवतं, देऊन टाका, असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. आज आम्ही एवढंच सांगणार आहोत, की देण्याआधी आणि ऑइलपेंट फासण्याआधी ते लाकूड नीट तपासा.

आपल्या मुळशीत पाऊस भारी. लाकूड पावसाळ्यात ओल धरून फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. म्हणून सांधे सैल होतात, फळ्या तडकतात. वस्तू भिंतीला चिकटून, थेट जमिनीवर ठेवली की ओल आणि वाळवी दोन्हींना वाट मिळते. चार बोटं भिंतीपासून दूर आणि पायाखाली दगडी चिपा, एवढ्यानंच निम्मं काम होतं.

आता कीड ओळखू या. लाकडावर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिचं वारूळ बहुधा जमिनीत असतं, म्हणून नुसतं लाकूड झाडून भागत नाही, जमिनीचाही बंदोबस्त लागतो. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर तो भुंगा. भुकटी झाडा, खाली काळा कागद अंथरा. काही दिवसांनी कागदावर नवी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे.

त्यावर उपाय आहे. एक लीटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम टाकणखार आणि २० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. रंग किंवा पॉलिश नसलेल्या बाजूनं, म्हणजे आतून आणि पाठीमागून, ब्रशनं दोन हात द्या. पॉलिशवरून ते आत मुरत नाही. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा. काठवट, पोळपाट अशा खाण्याच्या वस्तूंना हे लावू नका.

साफसफाई मऊ ब्रशनं आणि घट्ट पिळलेल्या फडक्यानं करा. पाण्यानं धुऊ नका, सोडा लावू नका, कडक उन्हात ठेवू नका. सावलीत, वाऱ्यावर सुकवा. गोडंतेल चोळलं तर ते सुकत नाही, चिकट होऊन धूळ धरतं. जवसाचं तेल सुकतं. ते अगदी पातळ लावून जास्तीचं पुसून घ्या. पण त्या तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा, मग टाका.

सांधा सैल झाला तर खिळा ठोकू नका. खिळा गंजतो आणि लाकूड फुटतं. सुताराकडून खुंटी आणि सरस लावून घ्या. पितळी कड्या-बिजागऱ्या काढून फेकू नका.

हे सगळं कशासाठी? पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहा. काका केळकरांनी १९२० च्या सुमारास अशाच घरगुती वस्तू, कोरीव दारं जमवायला सुरुवात केली आणि १९७५ साली तो संग्रह राज्य सरकारला दिला. आपल्याकडे १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तरी गावं पाण्याखाली गेलीच. त्या गावांतल्या घरांच्या हाती जुन्या घराची खूण म्हणून कधी कधी एखादा पेटाराच उरलेला असतो. तो बहुतेक वेळा कुणा आजीनं माहेराहून आणलेला असतो.

विकायचाच असेल तर तोही आपला हक्क आहे. पण पहिल्याच भंगारवाल्याला किलोच्या भावानं देऊ नका. सुताराला दाखवा, लाकूड कोणतं ते विचारा, दोन-तीन ठिकाणी भाव काढा. आणि तो पेटारा जिच्या नावानं घरात आला, तिला आधी विचारा. पुढच्या गटाच्या बैठकीत आपल्या घरातल्या अशा वस्तूंची यादी करू या.