व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प, ठाणे-डोंबिवलीत बांधताना

एका वादकासाठी, एका खोलीसाठी

बुटीक अ‍ॅम्प म्हटलं की महागडे कपॅसिटर, जुन्या साठ्यातले दुर्मीळ व्हॉल्व्ह आणि लाखांतल्या किमती डोळ्यांसमोर येतात. त्यामागची मूळ कल्पना साधी आहे. कॅलिफोर्नियातला अलेक्झांडर डंबल वादकाचा हात ऐकून त्याच्यासाठी अ‍ॅम्प बांधायचा. कुणी नक्कल करू नये म्हणून सर्किटावर इपॉक्सी ओतायचा. न्यू जर्सीतला केन फिशर अँपेग कंपनीत शिकला आणि पुढे ‘ट्रेनरेक’ नावानं मोजकेच अ‍ॅम्प हातानं बांधत राहिला. फिशर २००६ मध्ये गेला, डंबल २०२२ मध्ये.

त्यांनी वापरलेली मूलतत्त्वं मात्र गुपित नव्हती. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या अ‍ॅम्पचा पाया त्या काळी छापून आलेल्या सर्किटांतच होता. लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ मध्ये जो पहिला मार्शल तयार झाला, तो फेंडर बासमनच्या सर्किटावरून. म्हणजे सर्किट उचलायला हरकत नाही. ते कुणासाठी, कुठल्या खोलीसाठी आणि कुठल्या विजेवर बसवायचं, हे ठरवण्यात बांधणाऱ्याचं काम आहे. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत बांधायचा असेल तर तीन गोष्टी आधी धरायला हव्यात: महावितरणच्या विजेचा दाब, चार महिन्यांची दमट हवा आणि शेजारच्या घराला लागून असलेली भिंत.

किती वॉट पुरेत

परदेशी चर्चा वाचून पन्नास वॉटचा मार्शल बांधायला घेणारे बरेच जण भेटतात. त्यांना मी नेहमी थांबवतो. गिटारचे स्पीकर फार कार्यक्षम असतात. सेलेस्टियन ग्रीनबॅकला एक वॉट दिला की एक मीटरवर ९८ डेसिबल मिळतात. पाच वॉट दिले तर १०५. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. कान वॉटच्या हिशेबानं ऐकत नाही. आवाज निम्मा वाटायला वॉट दहापट कमी करावे लागतात, त्यामुळे पन्नासावरून पाचावर आलं तरी आवाज ‘निम्माच’ होतो.

व्हॉल्व्हच्या आवाजाची खरी गोडी तो त्याच्या मर्यादेला भिडतो तेव्हा कळते. वन-बीएचकेत ती ऐकायची असेल तर पाच वॉट हीच वरची हद्द मानावी, आणि तेही कमी करायची सोय ठेवावी.

कोणते व्हॉल्व्ह

अमेरिकी छोट्या अ‍ॅम्पमध्ये, उदाहरणार्थ फेंडर चँपमध्ये, 6V6 असतो. आपल्याकडे EL84 घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या जमान्यात फिलिप्स पद्धतीचे व्हॉल्व्ह इथे घरोघर होते आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनंही EL84 आणि ECC83 बनवले. त्यामुळे जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या डब्यात ते अजून सापडतात. नवे हवे असतील तर स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीचे मिळतात. व्हॉक्स AC30 चा खणखणीत आवाजही EL84 चाच.

तीन व्हॉल्व्ह लागतात. ECC83 मध्ये दोन ट्रायोड असतात. ते गिटारचा बारीक सिग्नल वाढवतात. EL84 स्पीकर चालवतो. EZ80 एसीचं डीसी करतो. तिघांचे हीटर ६.३ व्होल्टवर चालतात आणि ०.३, ०.७६ व ०.६ अँपिअर घेतात, एकूण १.६६. EZ80 चा कॅथोड हीटरपासून चांगला इन्सुलेट केलेला असतो, म्हणून तिघांना एकच हीटर वाइंडिंग पुरतं. वाइंडिंग करणाऱ्याचं काम तेवढंच हलकं होतं.

सिग्नलचा प्रवास

गिटारच्या जॅकवरून ६८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून सिग्नल पहिल्या ट्रायोडच्या ग्रिडवर जातो. ग्रिडवरून अर्थला १ मेगओहम. चुंबकी पिकअपला एवढा मोठा इनपुट रोध मिळाला तरच वरचे सूर शाबूत राहतात. हळदीच्या कार्यक्रमात वाजणाऱ्या बेंजोलाही पिकअप असतो आणि त्यालाही हाच इनपुट चालतो. बेंजोवाल्यांनी असा छोटा अ‍ॅम्प सरावासाठी जरूर करून पाहावा.

ट्रायोडच्या अ‍ॅनोडला १०० किलोओहम, कॅथोडला दीड किलोओहम. कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर कपॅसिटर असेल तर एवढ्यानं सिग्नल सुमारे पन्नास-साठ पट वाढतो. पुढे ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १ मेगओहमचा व्हॉल्यूम, मग तसाच दुसरा ट्रायोड आणि शेवटी EL84. त्याच्या ग्रिडला ४७० किलोओहम, कॅथोडला १५० ओहम. अ‍ॅनोडच्या वाटेवर आउटपुट ट्रान्सफॉर्मर. सगळं सर्किट एका कागदावर मावतं.

EL84 चा स्क्रीन ग्रिड एका स्विचनं, शंभर ओहमच्या रेझिस्टरमधून, अ‍ॅनोडला जोडता आला तर व्हॉल्व्ह ट्रायोडसारखा वागतो आणि पाचेक वॉटच्या जागी दोनेक वॉट देतो. आवाज थोडा मऊही होतो. रात्रीच्या सरावासाठी हा स्विच ठेवाच. तो अ‍ॅम्प बंद असतानाच फिरवायचा.

विजेचा दाब आणि हर्ट्‌झ

सर्वात जास्त चुका इथे होतात. आपली वीज २३० व्होल्टची म्हणतात, पण सहा टक्के वर-खाली धरलं तर ती २१६ ते २४४ मध्ये कुठेही असू शकते. बाजारात २२० व्होल्टच्या प्रायमरीचे ट्रान्सफॉर्मर सर्रास मिळतात. त्यावर ६.३ व्होल्ट मिळायला हवेत, पण घरी २४४ व्होल्ट येत असतील तर हीटरला जवळपास ७ मिळतात. व्हॉल्व्हची सहनशक्ती दहा टक्के, म्हणजे ६.९ पर्यंत. एवढ्या जास्त दाबावर कॅथोडचं आयुष्य झपाट्यानं घटतं. त्यामुळे आपल्या घरचा दाब निरनिराळ्या वेळी मीटरवर मोजून वहीत लिहावा, आणि प्रायमरीला २३० व २४५ असे दोन टॅप मागावेत.

अमेरिकेहून कुणी १२० व्होल्टचा किट आणून दिला तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून काम भागेल असं वाटतं. पण तिथली वीज ६० हर्ट्‌झची आहे. केवळ साठावर बेतलेल्या गाभ्यात पन्नासावर चुंबकीय प्रवाह वीस टक्क्यांनी वाढतो. गाभा संपृक्त होतो, गरम होतो, गुरगुरतो. ट्रान्सफॉर्मरवर ५०/६० दोन्ही लिहिलेलं नसेल तर तो वापरू नये.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेताना

वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसीसारख्या पट्ट्यात ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगची कामं करणारे असतात. स्टॅबिलायझर आणि कंट्रोल पॅनलचे ट्रान्सफॉर्मर त्यांच्या हातचा मळ आहे. पॉवर ट्रान्सफॉर्मर ते सहज देतात. कागदावर लिहून द्या: प्रायमरी ०-२३०-२४५, हाय टेन्शन २३०-०-२३०, ८० मिलिअँपिअर, हीटर ६.३ व्होल्ट, २ अँपिअर. प्रायमरीभोवती तांब्याच्या पत्र्याचा एक वेढा मागा, म्हणजे मेन्समधली खरखर आत येत नाही. त्या पत्र्याची दोन टोकं एकमेकांना टेकता कामा नयेत, नाहीतर तो शॉर्ट झालेला वेढा होईल. मध्ये कागद हवाच.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र समोर बसून समजावून द्यावा लागतो. त्यातून ५० मिलिअँपिअरच्या घरात डीसी सतत वाहत असतो. नेहमीच्या पद्धतीनं इ आणि आय स्टँपिंग आलटूनपालटून भरली तर गाभा लगेच संपृक्त होतो आणि खालचे सूर नाहीसे होतात. सगळ्या इ एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये जाड कागदाची फट, असं सांगावं. EL84 ला सुमारे ५,२०० ओहमचा भार लागतो. स्पीकर ८ ओहमचा. दोहोंचं गुणोत्तर ६५०, त्याचं वर्गमूळ साडेपंचवीस. प्रायमरीच्या साडेपंचवीस वेढ्यांना सेकंडरीचा एक, हा हिशेब. प्रायमरी दोन भागांत करून मध्ये सेकंडरी बसवली तर वरचे सूर स्वच्छ येतात. थोडा खर्च वाढतो, पण तो करण्यासारखा आहे. अ‍ॅम्पचं निम्मं व्यक्तिमत्त्व याच तुकड्यात असतं, आणि इथल्या कारागिरासोबत तो हवा तसा घडवता येतो.

बाकीचा माल

रेझिस्टर, पॉलिएस्टर कपॅसिटर, सॉकेट, जॅक यांसाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. डोंबिवलीहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड. कपॅसिटर ६३० व्होल्टचे घ्या. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक ४५० व्होल्टचे आणि ताजे. जुन्या रेडिओतून व्हॉल्व्ह आणि सॉकेट जरूर काढा, इलेक्ट्रोलिटिक कधीही काढू नका. चाळीस वर्षं पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक चालू करताच फुटू शकतो.

चॅसिस, बोर्ड आणि पावसाळा

चॅसिसला दीड-दोन मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा पुरतो. शीट मेटलचं काम करणाऱ्याला भोकांचं रेखाटन दिलं की कापून, वाकवून मिळतो. सॉकेट हातात आल्यावरच भोकं मोजावीत. पॉवर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे गाभे एकमेकांना काटकोनात बसवावेत.

जुन्या फेंडरमध्ये काळ्या फायबरचा बोर्ड असे. तो दमट हवेत ओलावा धरतो आणि त्यातून डीसी झिरपू लागतो; आवाजात खरखर येते. खाडीकाठच्या आपल्या हवेत तसा बोर्ड वापरणं म्हणजे दर जुलैत दुखणं ओढवून घेणं. दिसायला जुना आणि अस्सल म्हणून त्याचा आग्रह धरणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. ग्लास-इपॉक्सीची शीट घ्या. ती नसेल तर चांगल्या प्रतीची हायलम शीट, कडा वार्निश करून. पेटीला १८ मिलिमीटर प्लायवूड आणि वरून रेक्झीन. उल्हासनगरचं फर्निचर मार्केट कल्याणच्या शेजारीच आहे. व्हॉल्व्हच्या वर जाळी आणि मागे मोकळी जागा हवी. EL84 फार तापतो.

जीव सांभाळून

या पेटीत २६० व्होल्टच्या आसपास डीसी खेळतो. त्यानं माणूस मरू शकतो. वीज बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरांत तो साठून राहतो. त्यांना समांतर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडावा. एकूण १०० मायक्रोफॅरड असतील तर दोन मिनिटांत दाब नगण्य होतो. तरी हात घालण्याआधी दर वेळी मीटरनं मोजायचं, आणि मोजताना एक हात पाठीमागे ठेवायचा.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो मेन्सच्या फेज आणि न्यूट्रलमधला फरक ओळखतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा प्रवाह हाय टेन्शनमधून तुमच्या हातातून चॅसिसमध्ये गेला तर त्याला पत्ताही लागत नाही.

चॅसिस तीन पिन प्लगच्या अर्थला स्वतंत्र बोल्टनं घट्ट जोडा. गिटारच्या तारा याच चॅसिसला जोडलेल्या असतात, म्हणजे अर्थ नसेल तर दोष थेट वादकाच्या बोटांत उतरतो. जुन्या इमारतींत अर्थची पिन नुसतीच असते, मागे तार नसते. अ‍ॅम्प लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. फ्यूज फेजवर, अर्ध्या अँपिअरचा स्लो-ब्लो.

पहिल्यांदा चालू करताना

इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड करावा, फिलामेंटच्या ६० वॉट बल्बचा. एलईडी चालत नाही. आधी एकही व्हॉल्व्ह न लावता अ‍ॅम्प जोडा. बल्ब जवळजवळ विझलेला राहिला तर ट्रान्सफॉर्मर ठीक. भगभगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग स्पीकर जोडा. व्हॉल्व्ह लावल्यावर स्पीकर नसताना अ‍ॅम्प कधी चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ECC83 आणि EL84 लावून हीटर पाहा, शेवटी EZ80. सगळं शांत असेल तर बल्ब काढून थेट मेन्सवर.

आता EL84 च्या कॅथोडवर मीटर धरा. १५० ओहमवर साडेसात व्होल्ट दिसले तर ५० मिलिअँपिअर वाहताहेत. त्यातले पाचेक स्क्रीनचे, उरलेले ४५ अ‍ॅनोडचे. अ‍ॅनोड ते कॅथोड २४० व्होल्ट असतील तर १०.८ वॉट उष्णता. व्हॉल्व्हची मर्यादा १२. आकडा वर जात असेल तर रेझिस्टर १८० करा.

गुणगुण

मेन्स ५० हर्ट्‌झची, तिचं पूर्ण रेक्टिफिकेशन झालं की १०० हर्ट्‌झची लहर उरते. सहाव्या तारेवर तिसऱ्या पट्टीत वाजणारा जी ९८ हर्ट्‌झचा आहे. फिल्टर कमी पडला तर नेमका हा सूर दाबला की आवाज हेलकावे खातो. अमेरिकेत ही लहर १२० हर्ट्‌झची असते, त्यामुळे तिथल्या नकाशातले फिल्टर आपल्याला जरा वाढवावे लागतात. पहिला कपॅसिटर ३२ मायक्रोफॅरड ठेवा, कारण EZ80 ला ५० च्या वर चालत नाही, आणि पुढचे मोठे घ्या. हीटरच्या तारा पीळ देऊन चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या. हीटरच्या दोन्ही बाजूंना १०० ओहम लावून मध्य अर्थ करा. मेन्सची अर्थ सोडून सर्किटाच्या सगळ्या अर्थ-तारा इनपुट जॅकजवळ एका जागी जोडून चॅसिसला तिथेच टेकवल्या की उरलेली गुणगुणही जाते.

आवाज बसवताना

आता वादकाला बोलवावं, त्याच्याच गिटारसह, ज्या खोलीत अ‍ॅम्प राहणार आहे तिथे. पहिल्या कॅथोडवर २५ मायक्रोफॅरड लावला तर सगळे सूर सारखे वाढतात. ०.६८ लावला तर सुमारे दीडशे हर्ट्‌झच्या खालचा भाग मागे राहतो आणि आवाज धारदार होतो. साठच्या दशकाअखेरच्या मार्शलचा तो गुण. लहान खोलीत भिंती खालचे सूर फुगवतात, म्हणून तिथे ०.६८ जास्त साफ वाटतो. तरी त्यावर विसंबू नये, दोन्ही ऐकावेत. बदल एका वेळी एकच करायचा, अ‍ॅम्प बंद करून, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून. कपलिंग कपॅसिटर ०.०२२ वरून ०.०१ केला तर मात्र फरक फारच किरकोळ पडतो. मग स्पीकर बदलून पाहावा. माझ्या अनुभवात कुठल्याही महागड्या कपॅसिटरपेक्षा त्याचा परिणाम मोठा असतो.

बसलेल्या मूल्यांचा आणि मोजलेल्या व्होल्टेजचा तक्ता, त्या वेळी मेन्स किती होती त्यासह, पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवावा. पुढे व्हॉल्व्ह बदलणाऱ्या मेकॅनिकला सर्वात आधी त्याचीच गरज पडते.