मांजर बाहेर काढलं म्हणून पिसवा जात नाहीत

(शीव येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पावसाळा लागला की माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. 'डॉक्टर, तीनदा औषध घातलं, तरी पिसवा परत येतात. औषधच बोगस दिसतंय.' आणि त्याच्या मागोमाग, जरा हळू आवाजात, दुसरं वाक्य येतं. 'घरचे म्हणतायत, मांजर मासळीबाजारात नेऊन सोडा.'

मी आज मुख्यतः या दुसऱ्या वाक्यासाठी आलोय. सोडलेल्या मांजराचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. पण मांजर गेल्यावर मागे घरात राहिलेल्या पिसवांचं काय होतं, याचा विचार कुणी करत नाही. तो आज करू.

थोडं मागे जाऊ. पिसू काय चीज आहे हे मुंबई फार मोठी किंमत मोजून शिकली. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. मग काय झालं? गटारांत कार्बोलिक ॲसिड ओतलं, भिंतींना चुना फासला, घरं रिकामी केली. रोग हटेना. लोकांना एक गोष्ट मात्र दिसत होती. आधी उंदीर मरून पडतात आणि मग माणसं आजारी पडतात. पण उंदरातून माणसात रोग येतो कसा, हे कळत नव्हतं.

पॉल-लुई सिमों नावाचे फ्रेंच डॉक्टर तेव्हा मुंबईत काम करून पुढे कराचीला गेले. तिथे 1898 मध्ये त्यांनी प्रयोगानं दाखवलं की मधला दुवा पिसू आहे. उंदीर जिवंत असतो, अंग गरम असतं, तोवर पिसू त्याच्यावर राहते. तो मेला, अंग गार पडलं, की ती उतरते आणि दुसरं गरम अंग शोधते. सुरुवातीला अनेकांनी त्यांचं म्हणणं मानलं नाही. मग 1905 पासून प्लेग संशोधन आयोगानं आपल्या परळला प्रयोग केले. पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगचे पिंजरे टांगले. जमिनीपासून 2 इंचांवर असलेल्याला प्लेग झाला, 2 फुटांवर असलेल्याला झाला नाही. कारण उंदरावरच्या पिसवेची उडी तेवढी पोचत नाही.

या प्लेगमुळेच 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर, माटुंगा, शीव भागात रुंद रस्त्यांची, मोकळ्या हवेची आखणी झाली. म्हणजे आपल्या या भागाच्या नकाशात पिसवेचाही हात आहे म्हणा ना!

आता घाबरू नका. मांजरावरची पिसू वेगळ्या जातीची. तिचं शास्त्रीय नाव टेनोसेफॅलायडिस फेलिस. कुत्र्यांवरही बहुतेक वेळा हीच सापडते. तिच्यामुळे आपल्या घरात प्लेग येईल, असं मी म्हणत नाहीये. पण त्या प्रयोगांतून आपल्या कामाच्या दोन गोष्टी कळतात. एक, पिसू जमिनीलगतचा प्राणी आहे. म्हणून आपल्याला चावे घोट्यांवर आणि पिंढऱ्यांवर दिसतात. दोन, यजमान गेला की पिसू दुसरा यजमान शोधते. मांजर बाहेर काढलंत की पुढचा नंबर तुमचा. रांगणारं बाळ घरात असेल तर आधी त्याचा.

आता मूळ प्रश्न. औषध घालूनही पिसवा परत का येतात?

आपल्याला वाटतं, पिसवा मांजरावर राहतात. अर्धंच खरं आहे. मांजरावर दिसतात त्या फक्त मोठ्या झालेल्या पिसवा. ढोबळ हिशेब असा की घरात एकूण 100 असतील, तर मांजरावर फक्त 5. उरलेल्या 95 अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत घरात पसरलेल्या असतात.

मादी पिसू मांजराचं रक्त पिऊन एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते. दिवसाला वीस-तीस, कधी जास्तही. ही अंडी उवांच्या लिखांसारखी केसांना चिकटत नाहीत, घरंगळून खाली पडतात. मांजर झोपतं त्या गोधडीवर, दिवाणाखाली, सोफ्याच्या खाचेत, लाद्यांच्या सांध्यांत. त्यातून अळ्या निघतात. त्यांना उजेड सोसत नाही, त्या आत आत सरकतात. खातात काय? मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे सुकलेलं रक्त. हवेत दमटपणा कमी झाला तर अळ्या सुकून मरतात. पण मुंबईत त्यांना हवा तो दमटपणा आणि ऊब जवळजवळ बारा महिने मिळते. थंड देशात हिवाळा जे काम करतो, ते आपल्याकडे होतच नाही.

यानंतर येतो कोष, आणि सगळी चिवट गंमत इथेच आहे. अळी स्वतःभोवती रेशमासारखं कवच विणते. ते चिकट असतं, त्याला धूळ लागते, दिसतही नाही. फवारा त्याच्या आत नीट पोचत नाही. आतली पिसू एका आठवड्यातही बाहेर येईल, नाहीतर कित्येक महिने थांबेल. वाट कशाची बघते? पावलांच्या हादऱ्याची, अंगाच्या उबेची, आपल्या श्वासाची. म्हणून महिनाभर बंद ठेवलेलं घर उघडलं की पायांवर एकदम पिसवा चढतात.

आता हिशेब जुळतो का बघा. तुम्ही आज औषध घातलंत. मांजरावरच्या मेल्या. तीन आठवड्यांनी परत दिसल्या. त्या जुन्या कोषांतून निघालेल्या नव्या आहेत. औषध बोगस नव्हतं, आपण मध्येच थांबलो. कोष संपेपर्यंत लावून धरायचं, म्हणजे किमान तीन महिने.

करायचं काय, तर तीन कामं एकत्र.

पहिलं, खात्री करा. डोक्याच्या उवांची बारीक फणी असते ना, तशी फणी मांजराच्या मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी फिरवा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. नुसती धूळ तांबडी होत नाही. फणीत जिवंत पिसू आली तर साबणाच्या पाण्यात बुडवा, नखानं चिरडत बसू नका.

दुसरं, मांजराचं औषध. मानेमागे कातडीवर टाकायचे थेंब मिळतात. फिप्रोनिल, सेलामेक्टिन वगैरे. ते मांजरासाठीच बनवलेले आणि वजनाप्रमाणे हवेत. पशुवैद्याला विचारून, ठरलेल्या अंतरानं, आणि घरातल्या प्रत्येक मांजर-कुत्र्याला एकाच वेळी. एकाला सोडलंत की सगळं वाया.

तिसरं, घर. मांजराची गोधडी, चादरी, उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. दिवाण सरकवून झाडणं, सांधे-खाचा साफ करणं. व्हॅक्यूम असेल तर उत्तम, कारण त्याच्या हादऱ्यानं कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि मग औषध लावलेल्या मांजरावर चढून मरतात. पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका. पेस्ट कंट्रोल बोलावणार असाल तर अळ्यांची वाढ रोखणारं औषध आहे का विचारा. पायरीप्रॉक्सिफेन, मेथोप्रीन ही त्यांची नावं. फरशी पूर्ण सुकेपर्यंत मांजर दुसरीकडे ठेवा आणि माशांची टाकी झाका.

आता काय करायचं नाही. हे नीट ऐका.

एक कुटुंब माझ्याकडे रात्री मांजर घेऊन आलं होतं. अंग थरथरत होतं, झटके येत होते. कुत्र्याचे उरलेले थेंब होते, 'अर्धेच घातले' म्हणाले. त्यात पर्मेथ्रिन होतं. कुत्र्याला चालतं, मांजराचं यकृत ते नीट पचवू शकत नाही. ते मांजर वाचलं नाही. कुणी वाईट हेतूनं केलं नव्हतं, पैसे वाचवायला केलं होतं. म्हणून सांगतो, कुत्र्याचं औषध मांजराला नाही. थोडंसुद्धा नाही. गोचिडांसाठी मिळणारं अमिट्राझही नाही. चुकून लागलंच तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

फिनाईलनं फरशी पुसण्याची आपल्याला सवय. मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं. फिनॉल वर्गातली रसायनं त्याला विषारी आहेत. साबणाचं पाणी पुरे. डांबराच्या गोळ्या, झुरळांचा खडू, निलगिरीचं तेल, कापूर, हे सगळं लांब ठेवा.

आणि पिल्लं. दोन महिन्यांखालच्या पिल्लांना बहुतेक औषधं चालत नाहीत. पण पिसवा त्यांचं इतकं रक्त पितात की पिल्लू त्यानंच जाऊ शकतं. हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढऱ्या पडल्या असतील तर सकाळची वाट बघू नका.

आता प्रश्न घेऊ.

(एक आजी: कडुनिंबाचा पाला किंवा लसूण चालेल का?)

आजी, लसूण अजिबात नको. लसूण-कांद्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कडुनिंबाचा पाला गादीखाली ठेवलात तर ठेवा, पण त्यानं कोष मरत नाहीत. त्याच्या भरवशावर राहू नका.

(प्रश्न: मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी दिसतं.)

तो फीतकृमी. चाटताना मांजर पिसू गिळतं, त्यातून जंत होतो. लहान मुलानं चुकून पिसू गिळली तर त्यालाही होऊ शकतो. जंताचं औषध द्याच, पण पिसवा राहिल्या तर जंत परत येणार.

(प्रश्न: आमच्या सोसायटीत जिन्याखालची मांजरं उचलून न्यायचं ठरतंय.)

पाळलेलं मांजर असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा, व्यवहार बघा. जिन्याखालची मांजरं नेलीत, कोष तिथेच राहिले. आता जिन्यावरून जाणार कोण? तुम्हीच. त्यापेक्षा त्याच मांजरांना औषध घाला. मग त्यांच्यावर चढेल ती पिसू मरेल. जिन्याखालची अडगळ काढा, कोपरे झाडा, तीन महिने नेटानं करा. पुढच्या बैठकीत एवढं एक मांडून बघा.