घरच्या संगणकाला अँटिव्हायरस: फुकटचा की विकतचा?

(खुटबाव, ता. दौंड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



गावोगावी संगणकावर बोलायला गेलो की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘पोराला लॅपटॉप घेतला, आता अँटिव्हायरस विकत घ्यायचा की फुकटचा चालेल?’ उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला ताटकळत बसायला नको. बहुतेक घरांना विंडोजबरोबर आलेला फुकटचा अँटिव्हायरस पुरतो. काही घरांना विकतचा घेणं खरंच फायद्याचं असतं. आपलं घर कोणत्या गटात बसतं, हे ओळखायचं कसं, ते आज आपण पाहू.

अँटिव्हायरस म्हणजे नेमकं काय विकत घेतो?

यासाठी आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे ते संगणक दुरुस्तीत शिरले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसच व्हायरस. तेव्हा संगणक शिकत असलेले त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी हे व्हायरस काढायचे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यातून १९९०च्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ उभा राहिला आणि २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात आली.

आता यातली मुद्द्याची गोष्ट बघा. एक व्हायरस काढायचा प्रोग्रॅम एकदा लिहून भागत नाही, कारण उद्या नवा व्हायरस येतो. तो पकडायचा, तपासायचा, त्याची ओळख सगळ्या ग्राहकांच्या मशीनवर पाठवायची, हे काम रोज चालतं. म्हणून अँटिव्हायरसचे पैसे दर वर्षी भरावे लागतात. आपण डबा विकत घेत नाही, वर्षाची वर्गणी भरतो. आणि म्हणूनच मुदत संपलेला अँटिव्हायरस मशीनमध्ये नुसता पडून असला, तर त्याचा भरवसा धरू नका.

मग फुकटवाल्यांचं पोट कसं भरतं?

फुकटचे तीन प्रकार आहेत, आणि लोक तिन्ही एकाच टोपलीत टाकतात.

पहिला, विंडोजमधला डिफेंडर. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो विंडोजबरोबरच येतो. त्याची किंमत विंडोजच्या किमतीतच आली. सुरुवातीच्या वर्षांत तो चाचण्यांमध्ये मागे असायचा. आता तसं नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था सगळ्या अँटिव्हायरसांची नियमित परीक्षा घेतात आणि निकाल सगळ्यांना पाहायला खुले ठेवतात. गेली काही वर्षं डिफेंडर तिथे विकतच्या नावाजलेल्या नावांच्या बरोबरीने गुण घेतो.

दुसरा, खासगी कंपन्यांच्या फुकट आवृत्त्या. त्यांना कमाई दुसरीकडून करावी लागते. बहुतेक वेळा ती ‘विकतचं घ्या’ अशा सारख्या सारख्या येणाऱ्या चौकटींतून होते. तेवढंच असेल तर हरकत नाही. पण अवास्ट या नावाजलेल्या कंपनीबाबत जानेवारी २०२० मध्ये उघड झालं, की वापरणारे कोणकोणत्या साइटवर जातात याची माहिती तिची जम्पशॉट नावाची उपकंपनी विकत होती. जम्पशॉट बंद करावी लागली. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या प्रकरणी अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ज्याला राखणीला ठेवलं, तोच घरातलं बोलणं बाहेर सांगत होता. शिवाय अशा फुकट आवृत्त्यांचा परवाना बहुधा फक्त घरगुती वापरापुरता असतो. दुकानात, सेवा केंद्रात तो चालत नाही.

तिसरा प्रकार आपल्याकडे फार: विकतच्या अँटिव्हायरसची ‘क्रॅक’ केलेली कॉपी. ती बसवताना सांगतात, ‘आधी डिफेंडर बंद करा.’ अहो, कुलूप काढून मग कुलूप बसवणाऱ्याला आत घ्यायचं? त्याने सोबत काय आणलंय ते कोण बघणार? चोरीचं विंडोज सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचंही तेच. हा प्रकार कोणत्याही घरात नको.

पैसे भरून जास्त काय मिळतं?

विकतच्या पाकिटावर पंधरा-वीस गोष्टी छापलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच विंडोजमध्ये आधीच आहेत. फायरवॉल आहे. खोट्या साइटवर जाताना अडवणारं स्मार्टस्क्रीन आहे, पण त्याचा पूर्ण फायदा एज ब्राउझरमध्येच. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा जो रॅन्समवेअर, त्याच्यापासून फोल्डर राखायची सोयही आहे. ती मुळात बंद असते. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ शोधा आणि ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ चालू करा. एखादा चांगला प्रोग्रॅमही मग अडेल, त्याला तिथूनच परवानगी देता येते.

पैसे भरून खरोखर वेगळ्या मिळू शकतात अशा तीन गोष्टी आम्हाला दिसतात. एक, अडचणीत फोन उचलणारा माणूस. घेण्याआधी त्या नंबरवर फोन करून बघा, मराठीत बोलतात का, किती वेळ थांबवतात. दोन, एकाच वर्गणीत घरातले दोन-तीन संगणक आणि मोबाइल. तीन, नेट नसताना पकडण्याची ताकद. हा तिसरा मुद्दा आपल्या भागासाठी महत्त्वाचा आहे, जरा थांबून बघू.

आजचे अँटिव्हायरस संशयास्पद फाइल दिसली की नेटवरून कंपनीच्या मोठ्या संगणकाला विचारतात, ‘ही ओळखीची आहे का?’ नेट नसेल तर मशीनमध्ये साठवलेल्या माहितीवरच काम भागवावं लागतं. एव्ही-कम्पॅरेटिव्हज नेट असताना आणि नसताना असे दोन वेगळे निकाल देते. नेट नसताना डिफेंडरचे गुण बऱ्यापैकी घसरतात, काही विकतच्या अँटिव्हायरसांचे कमी घसरतात.

आता आपल्याकडचं चित्र आठवा. घरात नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही मोबाइल घरी असेल तेव्हा. पोराने प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेतला, केडगावला नाहीतर यवतला झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली आणि तोच पेनड्राइव्ह घरी आणून लावला. त्या दुकानात दिवसभरात किती पेनड्राइव्ह लागत असतील? फोल्डर गायब होतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात, तो व्हायरस असाच फिरतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की तो आपल्या मशीनमध्ये.

मग कुणी काय घ्यावं?

नेट रोज आहे, विंडोजला अपडेट मिळतात, पेनड्राइव्ह क्वचित लागतो: डिफेंडर ठेवा, पैसे वाचवा.

नेट अधूनमधून, पेनड्राइव्हची ये-जा रोजची: विकतचा घेण्यात अर्थ आहे. ज्याचं अपडेट दुसऱ्या संगणकावर उतरवून आणता येतं तो बघा. क्विक हीलसारख्या कंपन्या तशी फाइल देतात. डिफेंडरचीही अशी फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मिळते, पण ती आठवणीने कोण आणणार, हा घरचा प्रश्न.

घरात तीन-चार यंत्रं आहेत, बघणारं कुणी नाही: एकत्र वर्गणी घ्या. पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षीचा विचारा. पैसे आपोआप कापायची खूण असेल तर ती काढा.

एक पथ्य सगळ्यांनाच: दोन अँटिव्हायरस एकत्र बसवायचे नाहीत. मशीन रांगायला लागतं. आणि विकतच्याची मुदत संपली, वर्गणी भरायची नाही, तर तो रीतसर काढून टाका. मशीन पुन्हा सुरू केलं की डिफेंडर कामाला लागतो. लागला की नाही ते तेवढं बघा.

अँटिव्हायरस जिथे पोचत नाही

१२ मे २०१७ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला, दीडशेच्या आसपास देशांत. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. ते ज्यांनी घेतलं होतं त्यांच्या मशीनमध्ये तो त्या वाटेने शिरू शकला नाही. म्हणून अपडेट आधी, अँटिव्हायरस नंतर.

दुसरं, लग्नाचे फोटो, जमिनीचे कागद, पोरांचे दाखले यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि प्रत घेऊन झाली की वायर काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर तिच्यासकट कुलूपबंद करतो.

तिसरं, फसवणारा माणूस फोनवर गोड बोलून आपल्याकडूनच ओटीपी घेतो, आपल्यालाच एनीडेस्क बसवायला लावतो. एनीडेस्क व्हायरस नाही, अँटिव्हायरस त्याला अडवेलच असं नाही. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअॅपवर येणारी एपीके फाइल तर मोबाइलवर येते, तिथे घरच्या संगणकावरचा अँटिव्हायरस काय करणार? उसाचं बिल खात्यात जमा झालेलं असताना एका क्लिकवर ते जाऊ शकतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक काका: आमचा संगणक विंडोज ७चा आहे. भारीतला अँटिव्हायरस टाकला तर चालेल का?*

काका, विंडोज ७ची सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाली. भिंतीला भगदाड असताना दाराला भारी कुलूप लावून उपयोग नाही. तो हिशेब-टायपिंगला नेट न लावता वापरा, बँकेचं काम त्यावर नको. विंडोज १०चीही नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय आहे, ती घ्या.

*एक ताई: व्हायरस शिरलाय असं वाटलं तर दुकानात न्यायच्या आधी काय करावं?*

ताई, आधी नेट तोडा. मग विंडोज सिक्युरिटीत ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे, तो चालवा. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही सफाईची फुकट साधनं मिळतात, ती दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या.

*एक दादा: आणि पैसेच गेले तर?*

लगेच १९३० वर फोन करा. सकाळ होऊ द्यायची नाही, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. बँकेलाही त्याच वेळी कळवा आणि तक्रारीचा नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये असा नियम केला होता, की चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच माथी येतं. म्हणून कळवण्यात एक तासही घालवू नका.

आज घरी गेल्यावर एवढंच करा: विंडोज सिक्युरिटी उघडा, कोणता अँटिव्हायरस चालू आहे आणि त्याचं शेवटचं अपडेट कधीचं आहे ते वाचा. तारीख आजची-कालची असेल तर निवांत झोपा. महिन्यांपूर्वीची असेल, तर फुकट की विकत हा प्रश्न उद्यावर ढकलून आधी ते अपडेट करा.