ग्राहकांचे अभिप्राय आणि अनुभवाचे माप

उपाहारगृह, निवासगृह, पुस्तक किंवा पादत्राण यांविषयी ग्राहकांनी नोंदविलेले ऑनलाइन अभिप्राय हे आता संशोधनाचे एक सुलभ साधन झाले आहे. असे अभिप्राय हजारोंच्या संख्येने जमवावयाचे, त्यांतील ताऱ्यांची सरासरी काढावयाची, आणि ती सरासरी म्हणजेच वस्तूचा दर्जा असे धरून पुढील गणित मांडावयाचे, ही पद्धत प्रबंधांतून रूढ होत आहे. या गृहीताला आधार कितपत आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. प्रश्न केवळ प्रबंधांपुरता नाही. हार्वर्ड येथील मायकेल लूका यांनी २०११ साली सिएटलमधील उपाहारगृहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, ‘येल्प’ या संकेतस्थळावर एक तारा वाढला असता उत्पन्नात ५ ते ९ टक्के वाढ होते. आणि ती होते स्वतंत्र मालकांच्या उपाहारगृहांत, मोठ्या साखळी-दुकानांत नव्हे. म्हणजे ताऱ्यांचा भार पडतो तो मुख्यतः लहान व्यावसायिकावर.

अभिप्राय देणारा मनुष्य वस्तूचे मोजमाप करीत नसतो. आपल्या अपेक्षेशी त्या वस्तूची गाठ पडली तेव्हा काय घडले, ते तो सांगत असतो. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली मांडलेल्या उपपत्तीचा गाभा हाच आहे. समाधान हे केवळ वस्तूच्या गुणांवर नव्हे, तर ते गुण अपेक्षेच्या वर गेले की खाली राहिले यावरही ठरते. आणि अपेक्षा ही ज्याच्या त्याच्या पूर्वानुभवातून आलेली असते. कोल्हापुरी तिखटावर वाढलेल्या गृहस्थाला परगावची मिसळ सपक लागेल व तो तिला एक तारा देईल. ज्याच्या घरी आमटीतही गूळ पडतो, असा दुसरा गृहस्थ तीच मिसळ खाऊन पाच तारे देईल. दोघेही सत्यच सांगत आहेत. सरासरी मात्र तीन येते, आणि तीन ताऱ्यांचा अनुभव त्या दोघांपैकी कोणालाही आलेला नाही!

या संबंधात बालाझ कोवाच व अमांडा शार्की यांचा २०१४ सालचा अभ्यास विशेष उद्बोधक आहे. इंग्रजीतील प्रतिष्ठेची पारितोषिके मिळालेली पुस्तके आणि अंतिम यादीपर्यंत पोहोचून पारितोषिक हुकलेली पुस्तके यांची त्यांनी तुलना केली. ‘गुडरीड्स’वरील वाचकांचे मत पारितोषिकानंतर विजेत्या पुस्तकांविषयी तुलनेने खालावलेले दिसले. पुस्तकातील एक अक्षरही बदललेले नव्हते. बदलला होता तो वाचक. पारितोषिकाची वार्ता ऐकून असे अनेक जण त्या पुस्तकाकडे वळले, की एरवी ज्यांनी आपल्या रुचीनुसार ते हाती घेतले नसते. कीर्तीने ग्राहक वाढतात, पण जे वाढतात ते सर्व त्या वस्तूच्या प्रकृतीचे असतातच असे नाही.

अपेक्षेइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे स्मृती. अभिप्राय अनुभवाच्या क्षणी क्वचितच लिहिला जातो. तो लिहिला जातो आठवणीतून. डॅनियल कानेमन व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका खेपेस व्यक्तीने १४ अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवावयाचा. दुसऱ्या खेपेस तेच ६० सेकंद काढून आणखी ३० सेकंद हात पाण्यातच ठेवावयाचा, त्या अवधीत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत तापविले जाई. यांपैकी कोणती खेप पुन्हा कराल, असे विचारता बहुसंख्यांनी दुसरी, म्हणजे अधिक काळ क्लेश देणारी खेप निवडली! स्मृतीत उरतो तो अनुभवाचा तीव्रतम क्षण आणि त्याचा शेवट; कालावधी जवळजवळ गळून जातो. हा प्रयोग अभिप्रायांविषयीचा नव्हे, हे खरे. तथापि तीन दिवसांचा सुखाचा मुक्काम आणि निघताना हिशेबावरून झालेली हुज्जत यांपैकी अभिप्रायात काय उतरेल, याचा तर्क त्यावरून करता येतो.

आठवण ज्या घडीला जागी होते त्या घडीचाही रंग तिला चढतो. लाइफ ब्रँडिस व यानिव डोव्हर यांनी २०२२ साली निवासगृहांविषयीच्या अभिप्रायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मुक्कामाच्या दिवसाचे हवामान पाहिले नाही, तर अभिप्राय लिहिणाऱ्याच्या गावी लिहिण्याच्या दिवशी असलेले हवामान पाहिले. पाऊस असला की तारे किंचित घटतात, आणि लिहिण्याची प्रवृत्तीही वाढते, असे त्यांना दिसले.

आणि जे लिहीतच नाहीत त्यांचे काय? यूजीन अँडरसन यांनी १९९८ साली अमेरिका व स्वीडन येथील ग्राहकांच्या आधारे दाखविले होते की, अतिशय तृप्त आणि अतिशय असंतुष्ट माणसेच अधिक बोलतात. मध्यम अनुभवाचा मनुष्य गप्प राहतो. नान हू, जिए झांग व पॉल पावलू यांनी २००९ साली ‘ॲमेझॉन’वरील अभिप्रायांचा आलेख इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा असल्याचे दाखविले: पाच तारे पुष्कळ, एक तारा काही, मधले अगदी थोडे. याउलट, निवडलेल्या गटातील प्रत्येकाकडून मत घेतले असता बहुसंख्य मते मध्यावर गोळा होतात. मूकपक्षाची ही अनुपस्थिती कोणत्याही सरासरीने भरून निघत नाही.

बनावट अभिप्रायांचा प्रश्न वेगळा. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली आय. एस. १९००० हे मानक त्यासाठीच जाहीर केले. परंतु लबाडी हुडकण्याच्या साधनांनी प्रामाणिक माणसाचा पूर्वानुभव वजा करता येणार नाही.

तेव्हा अभ्यासकाने सरासरीबरोबर ताऱ्यांची विभागणी तर द्यावीच, शिवाय शक्य तेथे त्याच ग्राहकाने अन्यत्र किती तारे दिले तेही पाहावे. ज्याने दहा ठिकाणी दोनच तारे दिले आहेत, त्याचे तीन तारे ही स्तुतीच होय. याहूनही मोलाचा पुरावा शब्दांत असतो. ‘ऐकले होते त्या मानाने’, ‘आमच्याकडे’, ‘एवढ्या पैशांत’, किंवा सरळ ‘नाव मोठे लक्षण खोटे’ असे ग्राहक लिहितो, तेव्हा तो कशाशी तुलना करीत आहे हे स्वतःच सांगून टाकतो. संगणकाकडून शब्दगणना करविताना ‘मानाने’, ‘एवढ्या’ यांसारखी पदे निरर्थक समजून गाळली जाण्याचा संभव असतो. ती राखून ठेवावीत.